धावण्याच्या कारणास्तव अनुपस्थित

कार्यालयाचे हेडक्लार्क तिसरा मजला चढताना धापा टाकू लागले, तेव्हा त्यांनी प्रथम जिन्याची तपासणी सुचवली. जिना ठणठणीत असल्याचा अभिप्राय आला. मग नाइलाजाने ते डॉक्टरांकडे गेले.

"पाय वापरा. नाहीतर जन्मभर गोळ्या," डॉक्टर म्हणाले.

घरी बायकोने ते फारच मनावर घेतलं. "अहो, मीही येते. नवशिक्यांची शर्यत आहे ना पुढे, दोघं मिळून धावू. लग्न झाल्यापासून आपण दोघांनी मिळून काय केलं, तर एक फ्रिज घेतला!" हेडक्लार्क हसले, पण मनातून त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी शब्द दिला.

मात्र कुठलंही काम रीतसर केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी ऑनलाइन मॅरेथॉन प्रशिक्षणवर्गात नाव घातलं. नवशिक्यांचा उत्साह चार दिवसांत मावळतो, असा तिथल्या गुरुजींचा गाढा अभ्यास होता. त्यामुळे अभ्यासक्रमात धावण्यापेक्षा उत्साह टिकवण्यावर भर होता. रोज उजाडताच थेट सत्र सुरू होई. गुरुजी पडद्यावर येऊन गर्जत, "आज कोण धावणार?" सगळे आपापल्या खुर्चीतून मूठ उंचावत, "आम्ही!" मग दीर्घ श्वास, मग संकल्प, मग डोळे मिटून मनातल्या मनात शर्यत. हे आटोपेपर्यंत ऊन चढे आणि ऑफिसची वेळ होई.

बायको बूट घालून दारात थांबे. "येताय ना?"

"अगं, उत्साह चालू आहे," ते मान न वळवता कुजबुजत. मग ती एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन येई.

एकदा मात्र त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं आणि ते खरोखर तिच्याबरोबर गेले. बागेला जेमतेम अर्धा फेरा झाला. दोघांचीही दमछाक झाली, बाकावर बसून दोघं पोट धरून हसले. इतकी छान सकाळ त्यांच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव पडद्यावर लाल अक्षरांत झळकलं.

"काल आपण गैरहजर होतात. कारण?" गुरुजींनी विचारलं.

"धावायला गेलो होतो."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटींतल्या मुठी खाली आल्या. गुरुजी मात्र रागावले नाहीत. "सुरुवातीला असा मोह सगळ्यांनाच होतो," ते मायेने म्हणाले. "पण एकाला सूट दिली, तर उद्या सगळेच धावत सुटतील. मग वर्ग कुणासाठी चालवायचा?"

हा मुद्दा हेडक्लार्कना तत्काळ पटला. त्यांच्या कार्यालयातही कुणी मन लावून काम करू लागलं, की बैठकांना माणसं कमी पडत. त्यांनी चूक कबूल केली आणि स्वतःच नियमाचा मसुदा करून दिला: धावण्याच्या कारणास्तव अनुपस्थित राहायचं असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी, आणि बुडालेला उत्साह जादा सत्रात भरून काढावा. गुरुजी गहिवरले. हेडक्लार्क गटप्रमुख झाले.

त्यांच्या हाताखाली गटाला शिस्त लागली. एक शिवणकाम करणाऱ्या बाई वारंवार गैरहजर आढळल्या. चौकशीअंती त्या रोज धावत असल्याचं उघड झालं.

"पण साहेब, मला आता दहा किलोमीटर जमतं हो!" बाई कळवळून म्हणाल्या.

"त्याबद्दल अभिनंदन. पण हजेरीचं काय?" हेडक्लार्क म्हणाले, आणि बाईंना अनियमित ठरवून वर्गातून कमी करण्यात आलं.

शर्यत तोंडावर आली, तशी गुरुजींना वेगळीच काळजी लागली. ऐन मोक्याच्या सकाळी विद्यार्थी उत्साहाविना कसे राहतील? म्हणून शर्यतीच्याच वेळेला विशेष सत्र ठेवण्यात आलं. ठरावाला एकमताने मंजुरी मिळाली.

त्या सकाळी बायको छातीवर क्रमांक लावून समोर उभी राहिली. त्यांचाही क्रमांक तिने आणून ठेवला होता. "अहो, चला. आज तरी."

"आज तर हलताच येणार नाही गं. सगळ्या गटाचा भार माझ्यावर आहे."

ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिने बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि ती गेली. हेडक्लार्क खुर्चीतून अर्धवट उठले. तेवढ्यात पडद्यावरून गर्जना झाली, "आज कोण धावणार?" आणि त्यांची मूठ आपोआप वर गेली.

दुपारी ती लंगडत परतली. चेहरा लाल झाला होता, पण कसा फुलला होता! "शेवटी शेवटी पाय उचलेना. एका शिवणकामवाल्या बाईंनी हात धरला, म्हणून पोचले. तुमच्या वयाचे कितीतरी होते हो. धापा टाकत होते, पण होते."

नुकताच हेडक्लार्कना 'आदर्श धावक' हा किताब जाहीर झाला होता. तो तिला दाखवायची त्यांना लाज वाटली. आपण काय घालवलं, हे त्यांना लख्ख कळलं.

"उद्यापासून नक्की," ते म्हणाले.

"उद्या कशाला? आत्ता चला. मी अजून बूट काढले नाहीत."

"आत्ता? थांब, जरा हुरूप येऊ दे." असं म्हणून त्यांनी वाचायला एक गोष्ट घेतली. ती साधारण एवढ्याच लांबीची होती. आपल्यासारख्याच एका बसून राहणाऱ्या माणसाची फजिती वाचून ते मनमुराद हसले, 'डोळे उघडणारी' असा शेरा मारून त्यांनी ती ओळखीच्या सगळ्यांना पाठवली, आणि लोड पाठीशी घेऊन ते आणखी आरामात टेकले.

तुम्हालाही ती आवडली असेल, तर उठण्याची घाई करू नका. नुसती पुढे पाठवा.