पहिल्या खणातले तीनशे बारा तास

सोमवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खात्रीरावांनी पोरीचे तीनशे बारा तास पुसून टाकले, आणि आपण काय केलं हे कळायला त्यांना आणखी चार मिनिटं लागली.

खात्रीराव हे त्यांचं दुकानातलं नाव. औषधाच्या दुकानात सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभा असलेला हा माणूस बाटलीवरची तारीख दोनदा वाचायचा, मग बाटली उजेडाकडे धरायचा, मग समोरच्याला त्याचं नाव परत एकदा विचारायचा. सर्दीचं औषध न्यायला आलेल्याची सर्दी रांगेतच बरी होते, असं मालकीणबाई म्हणत. पण सत्तावीस वर्षांत एकही चुकीची गोळी त्या काउंटरवरून गेली नव्हती, हेही त्याच सांगत.

असा माणूस टीव्हीपुढे मांडी घालून, हातात ते बटणांचं यंत्र धरून बसला होता, त्याला कारण पोरगी. सात वर्षांपूर्वी, ती दहावीत असताना, त्यांनी तिचं गेमचं मशीन तिला न विचारता एका ओळखीच्याला देऊन टाकलं होतं. अभ्यासाचं वर्ष, वेळ वाया जातो, वगैरे. पोरगी रडली नाही, भांडली नाही. फक्त आठ महिने त्यांच्याशी बोलली नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी आईकडे मागायची, आणि मीठ असायचं बाबांच्या पुढ्यात. ते आठ महिने खात्रीरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. पुढे तिने स्वतःच्या कमाईतून नवं मशीन घेतलं, त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि हळूहळू घरात पुन्हा शब्द येऊ लागले.

आता पोरगी सात महिन्यांपासून दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी फोन करायची आणि चक्क बाबांशीही पाच-सात मिनिटं बोलायची. गेल्या रविवारी म्हणाली, "बाबा, शनिवारी येतेय. आले की तुम्हाला माझा तो जपानी खेळ दाखवते. तुमच्याच धंद्यातला आहे. एक मुलगी रानातून पाला, दगड, फुलं गोळा करते आणि औषधं बनवते."

फोन ठेवल्यावर खात्रीरावांचे डोळे पाणावले. पण सोबतचा कागद वाचल्याशिवाय हा माणूस खोकल्याची गोळीही घेत नाही, तो आयत्या वेळी खेळ कसा बघणार? थोडी पूर्वतयारी करू म्हणून त्यांनी कपाट उघडलं, तर आत एकाच खेळाचे तेवीस भाग ओळीने उभे. कुठून सुरुवात करायची?

सोमवारी दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला गणिताचे सर आले. ते हा खेळ खेळतात, अशी कुणकुण होती. "अकराव्यापासून," सर ठामपणे म्हणाले. "पहिले दहा नंतर बघायचे, एकदा जीव जडला की." त्यांच्या मागे उभा असलेला गेमच्या दुकानाचा मालक घसा दुखण्यावरची गोळी मागत होता, तो घसा विसरला. "पहिल्यापासून. मधूनच घुसणारी माणसं मला घरातसुद्धा चालत नाहीत." दोघांची अशी जुंपली की सरांचा रक्तदाब तिथेच मोजावा लागला. खात्रीरावांनी मुकाट्याने घरी येऊन मशीन लावलं. आत अकरावा भागच होता. म्हटलं, सरांची सरशी.

खेळातल्या मुलीने दोन भुकट्या न मोजता कढईत टाकल्या तेव्हाच ते अस्वस्थ झाले होते. तरी वीस मिनिटं त्यांनी कळ काढली. मग यंत्राने विचारलं, इथवरचा खेळ कुठे ठेवू? पडद्यावर दहा खण होते. पहिला भरलेला, बाकीचे नऊ रिकामे. तुम्ही-आम्ही रिकाम्यात ठेवलं असतं. पण औषधाच्या दुकानात पहिला खण आधी वापरायचा आणि जुना माल आधी काढायचा, हा नियम, आणि तो खात्रीरावांच्या बोटांत मुरलेला. त्यांनी पहिला खण निवडला. यंत्राने बारीक अक्षरांत काहीतरी विचारलं. चष्मा कपाळावर होता. त्यांनी 'हो' दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं. दोनदा विचारतंय म्हणजे जबाबदार यंत्र आहे, असं वाटून त्यांना बरंही वाटलं, आणि त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं.

मग चष्मा खाली आला. मघाशी जिथे तीनशे बारा तास चाळीस मिनिटं असं लिहिलेलं अंधुक दिसलं होतं, तिथे आता शून्य तास एकवीस मिनिटं होती. खात्रीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. जिभेला सात वर्षांपूर्वीच्या त्या आठ महिन्यांची अळणी चव आली.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते.

"अगं, घात झाला," ते म्हणाले. "पोरीचे तीनशे बारा तास गेले माझ्या हातून."

बायको दारातच थांबली. "गेले म्हणजे?"

"पुसले."

"सगळे?"

"सगळे."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग चहा स्टुलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागली. बिचारीलाही पोरीच्या अबोल्याची धास्ती बसली, असं समजून खात्रीरावांना आणखीच अपराधी वाटलं.

मंगळवारी सकाळी ते गेमच्या दुकानात उभे. "पुसलेलं परत मिळतं का हो?"

"काका, पुसलं ते गेलं," मालक घशाला मफलर गुंडाळून म्हणाला. "तरी मी सांगत होतो, पहिल्यापासून."

"आणि तीनशे बारा तासांत माणूस कुठवर पोचतो?"

"तीनशे बारा तासांत माणूस तिथला घरचा होतो."

पण एक उपाय दिसत होता. शनिवारपर्यंत बसून जमेल तितकं परत उभं करायचं. पोरीच्या लक्षात येईलच, पण बाप निदान धडपडला हे तरी दिसेल. त्यासाठी रजा हवी, आणि सत्तावीस वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा घेतलेली नव्हती. त्यांनी मालकीणबाईंना फोन केला आणि सांगितलं, "डोळे आलेत."

इथून पुढे एकेक अंगाशी येत गेलं. बुधवारी मालकीणबाई स्वतः डोळ्यांचे थेंब घेऊन दारात. खात्रीरावांना घाम फुटला. पण दीड दिवस पडद्याकडे बघून त्यांचे डोळे असे लालभडक झाले होते की मालकीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. "अहो, हे साधं नाही दिसत. महिनाभर येऊ नका हवं तर." खोटं बोलण्याची शिक्षा म्हणून त्यांनी ते थेंब खरोखरच घातले, तारीख दोनदा वाचून.

बुधवारीच पोरीचा फोन आला. रविवार नसताना. नाव दिसताच खात्रीरावांची बोबडी वळली. तिला कळलं की काय? चोराच्या मनात चांदणं. त्यांनी फोन उशीखाली ठेवला. तो तिथेच तीनदा वाजला. मग पोरीने बापाचा ठावठिकाणा विचारायला दुकानात फोन केला, आणि मालकीणबाईंनी सांगायचं ते सांगितलं.

इकडे खेळ पुढे सरकत नव्हता. खात्रीराव प्रत्येक फूल आधी वाचायचे, मग तोडायचे. खेळातली मुलगी गावच्या विहिरीभोवती, तिथल्या त्याच त्या गाण्यावर, फिरून फिरून दमली. बायको शेजारी मटार सोलत बसायची. बोलायची कमीच.

"ती निळी फुलं आत्ता नका तोडू," एकदा ती शेंगेकडे बघतच म्हणाली. "पाऊस पडू दे. मग दुप्पट मिळतात."

"तुला काय माहीत?"

"फुलांचं कळतं मला तेवढं."

खेळात पाऊस पडला. फुलं दुप्पट मिळाली. खात्रीरावांना बायकोच्या उपजत शहाणपणाचं कौतुक वाटलं. गुरुवारी तिने "त्या म्हाताऱ्याशी भांडू नका, पुढे तोच किल्ली देतो" असं सांगितलं, तेव्हाही त्यांना एवढंच वाटलं की बायकांना माणसांची पारख असते. भीतीने माणसाचं डोकं चालेनासं होतं, दुसरं काय.

शुक्रवारी अकरा वाजता बेल वाजली. मालकीणबाई असणार म्हणून त्यांनी टीव्हीवर टॉवेल टाकला, काळा चष्मा चढवला आणि भिंतीला हात लावत दार उघडलं. दारात पोरगी. हातात बॅग, आणि चेहरा पांढराफटक.

"बाबा," ती म्हणाली. "मी दिसतेय का तुम्हाला?"

आता ती चांगली स्पष्ट दिसत होती, पण हे कबूल करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खात्रीराव भिंत चाचपत राहिले. तेवढ्यात टीव्हीवरचा टॉवेल घसरून पडला आणि विहिरीभोवतीचं गाणं घरभर ऐकू येऊ लागलं. पोरीने पडद्याकडे बघितलं, मग बापाकडे.

काळा चष्मा काढून खात्रीराव खुर्चीत बसले. "बाळा, मी परत तेच केलं. तेव्हा मशीन दिलं होतं, या वेळी आतलं पुसलं. तुझे तीनशे बारा तास. मुद्दाम नाही गं. तू येशील तेव्हा मला काहीतरी कळावं म्हणून बसलो होतो. वाटेल ते बोल, पण बोल. तो अबोला मला परत सोसवणार नाही."

पोरगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तरी ती हसायला लागली. "बाबा, मी तर रस्ताभर तुमची दृष्टी गेली म्हणून रडत आले. आणि माझा खेळ मी जातानाच माझ्या तिकडच्या दुसऱ्या मशीनवर नेलाय. इथे माझं काहीही नव्हतं."

"काहीही नव्हतं?"

"दहाही खण रिकामे होते. मी स्वतः बघून गेले."

खात्रीरावांच्या छातीवरचा पाच दिवसांचा धोंडा उतरला. तो उतरतो न उतरतो तोच त्यांना प्रश्न पडला. "मग ते तीनशे बारा तास कुणाचे?"

"तारीख काय होती त्यावर?"

सत्तावीस वर्षांत हजारो बाटल्यांची तारीख दोनदा वाचलेल्या माणसाने मान खाली घातली. ही एक वाचायची राहिली होती.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत बाहेर आली.

"त्याच सोमवारची. दुपारची," ती म्हणाली.

विहिरीभोवतीचं गाणं तेवढं चालू होतं. पोरीने हळूच जाऊन आवाज बंद केला.

"तू?" खात्रीराव म्हणाले. "कधी?"

"तुम्ही दुकानात गेलात की. पोर गेली आणि घर खायला उठलं. कपाट उघडलं तर हे तेवीस."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही एकदा एक मशीन देऊन टाकलं होतंत," बायको शांतपणे म्हणाली. "हेही द्याल, अशी मला भीती. म्हणून सात महिने तुमची पावलं वाजली की बंद करत होते."

खात्रीरावांना वाटलं होतं, घरात भिणारे आपण एकटेच. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते तसं म्हणालेही. "चुकलो मी. तेव्हाही, आत्ताही. पण सोमवारपासून तू गप्प का?"

"कुठून सुरुवात करायची, हे तुम्ही गणिताच्या सरांना विचारलंत, त्या गेमवाल्याला विचारलंत. घरात विचारलंत का? शिवाय पोरीपुढे तुम्ही किती घाबरता ते बघायचं होतं. माझ्यापुढे कधी घाबरत नाही तुम्ही."

पोरगी म्हणाली, "आई, पण आता?"

बायकोने टेबलावरचं औषधाचं पाकीट उचललं, दुकानातलंच, गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहायच्या चौकटींचं. पेन घेऊन ती भरायला लागली. सत्तावीस वर्षांत अशी पाकिटं खात्रीरावांनी दुसऱ्यांना दिली होती, कुणाच्या हातून घेतली नव्हती. तिने लिहिलं होतं, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, जेवणानंतर. एकशे छप्पन्न दिवस.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पाकीट उजेडाकडे धरलं. हिशोब बरोबर होता.

"माझे एकोणतीस तास झालेत की आधीच," ते चाचरत म्हणाले.

"त्यातले अकरा विहिरीभोवती गेले. बाकीचे फुलं वाचण्यात. धरले नाहीत मी."

"आणि एखादा डोस चुकला तर?"

"तर पहिल्यापासून."

पोरीने तोंडात ओढणी कोंबली. खात्रीराव उठले, मुकाट्याने टीव्हीपुढे मांडी घालून बसले आणि यंत्र हातात घेतलं. बायको मटारची परात घेऊन शेजारी येऊन बसली. पडद्यावर दहा खण उघडले. खात्रीरावांचं बोट बटणावर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"अगं, कुठून सुरुवात करू?"

"आधी चष्मा खाली घ्या," ती म्हणाली.