नाक बघणारे किशनमामा

मुदखेडचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, अशा वेळी कुणी तुमची हनुवटी धरून नाक उजेडाकडे वळवलं आणि "पांढरं पडलं न्हाई, जा" असं म्हणालं, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी किशनमामा. टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाक, कान आणि बोटांची टोकं बघितल्याशिवाय ते आपला चहा उचलत नाहीत.

मामांची उभी हयात लडाखच्या रस्त्यांवर डोझरनं बर्फ हटवण्यात गेली. तिथल्या थंडीत नाक पांढरं पडून मरतं आणि ज्याचं मरतं त्यालाच ते कळत नाही. म्हणून कामाला निघताना सोबत्यानं सोबत्याचं नाक बघायचं, असा तिथला रिवाज. "आपलं नाक आपल्याला दिसत न्हाई सर, दुसऱ्यानंच बघावं लागतंय," मामा सांगतात. मुदखेडात ऊन लागून माणूस आडवा होईल, पण त्याचं नाक गोठायचं नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "सवय ऱ्हावी," एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी खोड आभाराची. मायबाप मजुरीसाठी गावोगाव फिरायचे, म्हणून मामांचं बालपण देगलूरकडच्या एका मिशनच्या बोर्डिंगात गेलं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, धर्म काही त्यांनी बदलला नाही. पण जेवणाआधी डोळे मिटून आभार मानायची बोर्डिंगातली रीत मात्र सोडली नाही. देवाच्या जागी त्यांनी माणसं घातली. ज्वारी पेरणारा, दळणारा, भाकर थापणारी, झालंच तर डोझरचा फिटर, सगळे त्यात येतात. एका लग्नाच्या पंगतीत मामांनी डोळे उघडले तेव्हा वाढप्यांनी पत्रावळच उचलून नेली होती. मामांनी त्यांचेही आभार मानले आणि उपाशी घरी आले.

खोटं मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. बोर्डिंगात तेवढं एक पक्कं करून घेतलं होतं म्हणे. गल्लीतल्या एका मुलासाठी पाहुणे चौकशीला आले, तर मामा म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, पण दहाच्या आत उठत न्हाई." लग्न ठरलं, पण नवरदेव अजून मामांशी बोलत नाही.

मी कॉलेजात शिकवतो. आम्ही जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या ठरवल्या, तेव्हा पहिला मान शेजाऱ्याला दिला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर ताठ बसले आणि मी बटण दाबताच "हजर" म्हणाले. पुढे तासन्‌तास बोलले ते फक्त दुसऱ्यांबद्दल. मी टोकलं तर म्हणाले, "माझं काय हाय त्यात? मला लोकांनीच तर घडीवलं."

त्यात एक नाव सारखं यायचं. रत्नम्मा, बोर्डिंगातली स्वयंपाकीण. लहानपणी मामा तापानं फणफणले, तेव्हा तिनं त्यांना चुलीजवळ निजवलं आणि चमच्या चमच्यानं कण्या भरवून जगवलं. "एवढा एहसान केला तिनं, आन् मी एका शब्दानं बोललो न्हाई," मामा म्हणाले. "पोराला काय कळतंय? दर सुट्टीला धुंडून राहिलो, कुठं गेली कुणाला ठावं न्हाई. तिला सांगायचं ऱ्हायलं तर मग माझ्या बाकीच्या आभाराला काय अर्थ हाय सर?" त्या दिवशी मला पुढे रेकॉर्डिंग करवलं नाही.

हेच रेकॉर्डिंग वर्गात ऐकवलं तर बिलोलीकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, या बोर्डिंगातल्या रत्नम्मा आमच्याच गल्लीत राहतात. भाचीकडं."

रविवारी आम्ही निघालो. गाडीत मामा रस्ताभर एकच वाक्य घोकत होते, "अम्मा, मी किशन. तुमी राखलं म्हणून हाय."

रत्नम्मा ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. डोळे जवळजवळ गेलेले, कानही तसेच. भाचीनं कानाशी ओरडून सांगितलं, "बोर्डिंगातलं लेकरू आलंय तुला भेटायला."

म्हातारीनं हात पुढे केले. मामांचा हात हाती लागला तसा तिनं तो घट्ट धरला.

"पिऱ्या? पिऱ्याच ना रं तू?"

"अम्मा, मी..."

तिला ऐकू कुठलं येतंय. "गुळाच्या एका खड्यासाठी मी तुला पळीनं मारलं रं. तू रातीच पळालास. नदीला पूर होता. मला वाटलं, गेलं माझं लेकरू."

भाची मला हळूच म्हणाली, "पूर आला की हेच नाव घेत बसती. रातभर झोपत न्हाई."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हातारीच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "हाव अम्मा. मीच पिऱ्या. नदी उतरल्यावर पल्याड गेलतो मी. चांगला जगलो. लेकरंबाळं हायत."

"लई लागलं होतं का रं?"

"न्हाई. कवाच इसरलो."

म्हातारी रडली, हसली, पुन्हा रडली. मग तिनं भाचीला गूळ आणायला लावला आणि चाचपडत आपल्या हातानं तो मामांच्या तोंडात घातला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिच्या पायाशी बसून मुकाट्यानं गूळ खात होता. मला तिथं उभं राहवेना, मी अंगणात आलो.

परतताना मी विचारलं, "पिऱ्या कोण होता मामा?"

"पिराजी. माझ्या शेजारच्या सतरंजीवर निजायचा. त्या रातीनंतर कुणाला दिसला न्हाई."

"पण तुमचं सांगायचं राहिलंच की. इतकी वर्षं शोधलंत तिला."

मामांनी बाहीनं डोळे पुसले.

"मला तापात राखलं, ते तिच्या ध्यानात बी न्हाई सर. त्याचं तिला काय दुखत नव्हतं. पिऱ्याचं दुखत होतं."