श्रीनिवासने कपडे धुतले

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली, तेव्हा सुनीतीच्या वॉशिंग मशीनमध्ये चौदा लंगोट, चार झबली, नवऱ्याचे तीन शर्ट, तिचे स्वतःचे दोन गाऊन आणि गोदाचं दुपटं एवढा ऐवज गोल गोल फिरत होता. मशीनने एक लांब उसासा सोडला आणि ते थांबलं. काचेच्या दारातून फेसाळ पाण्यात तरंगणारा दुपट्याचा एक कोपरा दिसत होता. दहा महिन्यांच्या गोदाने रांगत जाऊन काचेवर दोन्ही हात ठेवले, दुपट्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि भोंगा लावला.

"येईल दहा मिनिटांत," तिचा नवरा श्रीनिवास लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. श्रीनिवासची सगळी भाकितं दहा मिनिटांची असत.

सुनीतीने मशीनचं दार ओढून पाहिलं. ते उघडलं नाही. आत पाणी असताना दार उघडू नये, अशी त्या मशीनची शिस्त होती, आणि शिस्त मोडायची परवानगी द्यायला त्याला वीज लागत होती.

कोपऱ्यावर रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली होती. कोथरूडमधल्या त्या रस्त्याला वर्षातून दोनदा खोदून घ्यायची सवय असल्यामुळे यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. नवल एवढंच होतं, की तोडणाऱ्यांनी खड्डा बुजवून वर डांबर घालेपर्यंत त्यांनाही ते कळलं नव्हतं. आता केबल नेमकी कुठे तुटली हे शोधायला तोच रस्ता पुन्हा खोदायचा होता, आणि त्याची परवानगी वेगळ्या खात्याकडून यायची होती. दुपारी सोसायटीचे चेअरमन दीनानाथकाका यांनी जिन्यात पाटी लावली: "वीज नाही. केव्हा येईल ते आम्हांसही ठाऊक नाही. विचारण्यासाठी बेल दाबू नये. ती वाजणार नाही."

सुनीतीला विजेची तेवढी काळजी नव्हती. तिला दुपट्याची होती. सोमवारी ती दहा महिन्यांच्या रजेनंतर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू व्हायची होती. न झाल्यास जागा भरली जाईल, असं पत्र नम्र भाषेत आलं होतं. त्यासाठी गोदाला पाळणाघर हवं होतं. शेजारच्या इमारतीत नसीमबानू मॅडमचं पाळणाघर होतं, पण त्या आधी मुलाची परीक्षा घेत. शनिवारी दुपारी गोदा तिथे आईशिवाय दोन तास झोपली, तर जागा तिची. नाही तर यादीतली पुढची अकरा मुलं होतीच. आणि गोदा झोपायची फक्त त्या दुपट्यावर नाक खुपसून. ते सुनीतीच्या आईच्या जुन्या साडीचं होतं आणि महिनोन् महिने धुतलेलं नव्हतं. मग सुनीतीने ते मशीनमध्ये घातलंच कशाला? कारण पाळणाघराच्या नियम क्रमांक चारमध्ये लिहिलं होतं: "पांघरूण स्वच्छ धुतलेले असावे." सुनीती नियम वाचणारी बाई होती. तिच्या आयुष्यातले बरेच घोटाळे त्यामुळेच झाले होते.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत गच्चीवरची टाकी संपली. पंप बंद, लिफ्ट बंद. इमारतीच्या मागे बोअरवेलचा एक गंजका हापसा होता, तो दत्तक घेतल्यासारखा सगळ्यांनी मिळून चालू केला. सुनीती चौथ्या मजल्यावर राहत होती. एका कडेवर गोदा, दुसऱ्या हातात बादली, अशा तिच्या चार खेपा झाल्या. वर आल्यावर उरलेले लंगोट तिने बाथरूममध्ये उकिडवं बसून साबणाच्या वडीने घासले, पिळले, वाळत घातले. तोवर नवीन चार भिजले. लंगोटांनी तिला हरवायचं ठरवलंच होतं.

"मी आणलं असतं पाणी," श्रीनिवास म्हणाला.

"मग आण ना."

"आता आणलंयस ना तू!"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गोदा झोपली ती सुनीतीच्या खांद्यावर, रडून रडून दमल्यावर. बाकीचे गाऊन मशीनच्या कैदेत असल्यामुळे सुनीतीच्या अंगावर दोन्ही दिवस एकच हिरवा गाऊन होता. मे महिना, वर पंखा नाही. त्या गाऊनमध्ये घाम होता, साबण होता, गोदाची लाळ होती आणि हिंगाच्या फोडणीचा धूर होता. पण तो धुवायचा, तर पाचवी खेप करावी लागली असती.

शुक्रवारी सकाळी श्रीनिवासने मशीनच्या कंपनीला फोन लावला. कंपनीतली मुलगी फार गोड बोलली. "सर, आमचा माणूस नक्की येईल. तुमच्याकडे लाइट आली की फक्त कळवा."

"लाइट आली तर दार उघडेलच की हो!"

"मग तर फारच छान, सर."

सुनीतीने कपाटातून मशीनचं पुस्तक काढलं. "ती पुस्तकं कोण वाचतं?" श्रीनिवास म्हणाला. पान एकतीसवर होतं: खालची झडप उघडा, नळीने पाणी काढा, मग आतली दोरी ओढा. "थांब, मी परात आणते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. परात घेऊन परत येईपर्यंत श्रीनिवासने झडपेमागची नळी ओढली होती, दोरीही ओढली होती आणि दिवस-रात्र साचून कुबट झालेलं साबणाचं पाणी हॉल ओलांडून चपलांच्या स्टँडपर्यंत पोचलं होतं.

"उघडलं!" श्रीनिवास ओरडला. दार खरंच उघडलं होतं. आतून जो वास आला, त्याने गोदाही क्षणभर रडायची थांबली.

सुनीती फरशी पुसायला बसली. पाण्यात बसलेली गोदा तिच्या पाठीवर चढू लागली. "हे बघ," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "तो सगळा ढीग टबात घाल आणि खाली हापशावर जाऊन धुऊन आण."

"मी?"

"नाही तर मी जाते. तू फरशी पूस आणि हिला घे."

श्रीनिवासने दोन्ही पर्यायांचा विचार केला आणि टब उचलला.

चड्डी दुमडून, हापशाखाली बसून श्रीनिवास कपडे धुतोय, ही बातमी सोसायटीत वीज नसतानाही विजेसारखी पसरली. बाल्कन्या भरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनीकाकू त्याच्यासाठी लिंबाचं सरबत घेऊन खाली आल्या. कुणीतरी मोबाइलच्या बॅटरीतली शेवटची काडी त्याचा फोटो काढण्यात खर्च केली. लोक बघताहेत म्हटल्यावर श्रीनिवासला जोर चढला. त्याने एकेक लंगोट दोनदा धुतला. काकूंनी कपड्यांना सुवास आणणारी गुलाबी बाटली दिली, ती त्याने निम्मी दुपट्यावर रिकामी केली.

सुनीती ओली पोतेरी पिळायला खाली आली, तेव्हा मंदाकिनीकाकूंनी तिचा हात धरला. "नशीब काढलंस हो, सुनीती. आमच्या ह्यांनी कधी रुमाल नाही धुतला."

"कालपासून मीच धुतेय, काकू."

"हो गं, पण तुझं काय!" काकू प्रेमाने म्हणाल्या.

सोसायटीत सहा घरची धुणीभांडी करणारी बायडाबाई हापशाजवळ आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. ती सुनीतीच्या कानाशी आली. "ताई, मी बावीस वर्षं धुणं धुतीय. माझा एक फोटू कुणी काढला न्हाई."

"बायडाबाई, तुमचं ते कामच आहे, म्हणतील."

"आन् तुमचं काय हाय?"

सुनीतीने पोतेरं पिळलं. ते जरा जास्तच पिळलं गेलं.

शनिवारी दुपारी बारा वाजता ती गोदाला घेऊन पाळणाघरात गेली, त्याच हिरव्या गाऊनवर ओढणी घेऊन. तिचे धुतलेले गाऊन अजून ओले होते. श्रीनिवासला पिळण्याचे फोटो काढून हवे होते, पिळायचं नव्हतं. दुपटं मात्र उन्हात कडक वाळून पापडासारखं झालं होतं आणि त्याला फुलवाल्याच्या दुकानाचा वास येत होता.

नसीमबानू शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि पालकांकडेही वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावं तशा पाहत. त्यांनी गोदाला गादीवर ठेवलं, शेजारी दुपटं ठेवलं आणि सुनीतीला दारामागे उभं केलं. गोदाने दुपट्याला नाक लावलं. एक शिंक दिली. मग त्याला दूर लोटून ती अशी रडू लागली, की झोपलेली बाकीची चारही मुलं उठून बसली.

"दुपटं हिचंच आहे ना?" नसीमबानूंनी विचारलं.

"हो. म्हणजे, होतं. नवऱ्याने धुतलं."

"अच्छा, ते फोटोवाले? आमच्याकडेही आला फोटो." त्यांनी गोदाला उचलून सुनीतीकडे दिलं. गोदाने आईच्या खांद्यावर नाक खुपसलं आणि तिचे डोळे लगेच जड झाले. नसीमबानू दोन क्षण पाहत राहिल्या. "गाऊन काढा."

"अं?"

"आत जा हो, इथे कुठे काढता! माझा कुर्ता लटकवलाय, तो घाला."

गाऊनची घडी गोदाच्या गालाखाली गेली. गोदाने त्याची बाही मुठीत धरली, एक सुस्कारा सोडला आणि झोपली. दोन तास नाही, दोन तास चाळीस मिनिटं. नसीमबानूंच्या घोट्यापर्यंत येणाऱ्या कुर्त्यात दारामागे उभी राहून सुनीती पहिल्यांदाच थोडी रडली. आवाज न करता; नियम क्रमांक सातप्रमाणे पाळणाघरात शांतता राखायची होती.

"जागा तुमची," नसीमबानू म्हणाल्या. "सोमवारी नऊला या. गाऊन बरोबर आणा. आणि धुऊ नका."

"पण नियम चार..."

"नियम मी केलाय. मीच सांगतेय. गाऊन असा नसेल तर मुलीला आणू नका. बाकीची चार मला रोज उठवायची नाहीत."

घरी येऊन सुनीतीने गाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि कपाटाच्या तळाशी ठेवली. श्रीनिवास शेजाऱ्याच्या फोनवर बहिणीशी बोलत होता. "अगं, काही विशेष नाही गं. कुणीही केलं असतं..."

"श्रीनिवास, त्या पिशवीतला गाऊन धुवायचा नाही. ऐकलंस?"

"हो हो," तो तिला म्हणाला, आणि फोनवर पुढे, "चौदा! चौदा लंगोट!"

रविवारी दुपारी लाइट आली. इमारतभर टाळ्या वाजल्या आणि संध्याकाळी सहाला आवारात सभा भरली. संकटकाळात सोसायटीतल्या पुरुषवर्गापुढे आदर्श ठेवल्याबद्दल श्रीनिवासचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. "शाल," दीनानाथकाका माइकवर म्हणाले, "आपण सौभाग्यवती सुनीतीताईंच्या हस्ते घालू या. शेवटी यशस्वी पुरुषाला घरून थोडीफार साथ लागतेच."

कडेवर गोदा घेऊन सुनीतीने साथ दिली. शाल मोरपंखी रंगाची होती. घालताना तिच्या तळहातांच्या साबणाने सोललेल्या कातडीला शालीचे धागे अडकले.

"मी काहीच केलं नाही," श्रीनिवास माइकवर म्हणाला. हे त्याच्या भाषणातलं एकमेव वाक्य सुनीतीला पटलं. पण तो तिथे थांबला नाही. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की माणसं संकल्प सोडतात. "लाइट आली असली, तरी आजपासून घरातला एक तरी कपडा रोज मी माझ्या हाताने धुणार आहे!"

मंदाकिनीकाकूंनी डोळे टिपले. बायडाबाई मागच्या ओळीत उभी होती. तिने जांभई दिली.

सभा संपल्यावर गोदाला आवारातच खिमट भरवून सुनीती अर्ध्या तासाने वर आली. पंखे फिरत होते, फ्रिज गुरगुरत होता. गॅलरीतल्या दोरीवर हिरवा गाऊन निथळत होता. त्याला गुलाबी बाटलीचा वास येत होता.

"सरप्राइज!" श्रीनिवास हात पुसत म्हणाला. त्याच्या खांद्यावर अजून शाल होती. "अगं, संकल्प केला आणि बघतो तर घरात एकही मळका कपडा नाही. सगळं शोधलं. शेवटी कपाटाच्या तळाशी सापडला. लपवून ठेवला होतास ना? मला त्रास नको म्हणून?"

घड्याळात पावणेआठ झाले होते. सोमवारचे नऊ वाजायला सव्वातेरा तास उरले होते. सुनीतीने दोरीवरच्या गाऊनला नाक लावलं, गोदानेही लावलं, आणि गोदाने शिंक दिली.

तिने गोदाला श्रीनिवासच्या हातात दिलं. कपाटातून धुतलेला दुसरा गाऊन काढून अंगात घातला. बाथरूममध्ये बादली लावली, खिडकी घट्ट बंद केली, साबणाची वडी आणि ब्रश घेतला. मग बाहेर येऊन श्रीनिवासच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली आणि बादलीत बुडवली.

"अगं, ती नवीन आहे! एकदाच घातलीय!"

"मळलीय."

"मग मशीनमध्ये टाक ना. लाइट आलीय आता!"

"माहितीय," सुनीती म्हणाली, उकिडवी बसली आणि अंगातला गाऊन घामाने भिजेपर्यंत शाल घासू लागली.