विमानतात्यांच्या दगडावरचा काना

विमानतात्यांच्या स्मारकासाठी एक ओळ हवी, एवढंच व्याहीसाहेब फोनवर म्हणाले आणि इकडे वेलांटीकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःचा मजकूर कोण मागतो? निवृत्तीनंतर त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या सुधारायचं काम आपणहून, बिनपगारी आणि दुकानदारांची बोलणी खात पत्करलं होतं. नाव पडलं ते त्यातूनच. (या गोष्टीत शुद्धलेखनाची चूक सापडली तर ती सांगणाऱ्याची समजावी. काकांनी हिला हात लावलेला नाही. का, ते पुढे कळेलच.)

विमानतात्या म्हणजे गावाचा अभिमान. विमान हा शब्द लोकांच्या तोंडी नीट बसलाही नव्हता, त्या काळात सायकली दुरुस्त करणाऱ्या या माणसाने बाहेरच्या माळावरून विमान उडवलं, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं होतं. त्यांच्या नावाचा रस्ता होता, वाचनालय होतं, झालंच तर पोहण्याचा तलावही होता. विमानाचा आणि पोहण्याचा काय संबंध, हे विचारायचं नसतं. आता माळावर दगड बसायचा होता आणि स्मारक समितीचे अध्यक्ष होते काकांचे व्याही.

व्याहीसाहेब बँकेचे निवृत्त मॅनेजर. लेकीच्या लग्नापासून त्यांनी काकांची ओळख ‘आमचे व्याही प्रेसमध्ये असतात’ एवढ्यावरच भागवली होती. हे काम लेकीने सासऱ्यांकडे शब्द टाकून मिळवलेलं. म्हणजे ओळ चुकली तर काकांचं नाक कापलं जाणारच, पण टोमणे लेकीला रोज जेवणाबरोबर खावे लागणार.

“बाबांचं चुकायचं नाही, असं मी सांगून बसलेय,” ती फोनवर म्हणाली. “तेवढं सांभाळा.”

“अगं, मी आयुष्यात दुसरं केलंय काय?” काका म्हणाले. “पोहता येत नाही, सायकल येत नाही, भाजी घेताना फसतो. एवढं एकच येतं.”

ओळ तयार झाली: ‘विमानतात्यांनी याच माळावर पहिले विमान उडवले.’ पाथरवटाने दगड मोजला आणि मान हलवली. समितीला अक्षरं रस्त्यावरून दिसतील एवढी मोठी हवी होती, आणि तेवढ्या अक्षरांत ‘उडवले’ दगडाबाहेर जात होतं.

“मग उडवलेच उडवा,” काका म्हणाले आणि आपल्याच कोटीवर खूश झाले. “मोठ्या माणसाला क्रियापद लागत नाही. विमान म्हटलं की उडवलं हे आलंच. धुतलं थोडंच म्हणणार कोणी?”

पाथरवटाने कागदावर अक्षरं काढून तपासायला पाठवली. आता घोटाळा कसा झाला ते नीट ऐका, कारण हा घोटाळा करायला मुद्रितशोधकच लागतो. ‘विमानतात्यांनी’ म्हटलं की त्या ‘नी’ला पुढे क्रियापद हवं असतं. काकांचं डोकं तेव्हा गॅसवरच्या दुधात होतं, कारण काकू आंघोळीला जाताना बजावून गेल्या होत्या. हात मात्र छापखान्यातच होता. त्याने ओळ चाळली, क्रियापद सापडेना, म्हणून सवयीने ‘पहिले’तल्या ‘प’ला एक काना देऊन टाकला. वाक्य झालं पूर्ण. काकांनी खाली ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही ठोकली आणि स्वयंपाकघरात धावले. दूध उतू गेलंच होतं. काकूंनी त्याबद्दल जे सुनावायचं ते सुनावलं, आणि त्या गडबडीत काना मनातूनच गेला.

अनावरणाच्या दिवशी काका काकूंना घेऊन सगळ्यांच्या आधी माळावर पोचले. आपलं अक्षर दगडात कसं दिसतं ते एकट्याने पाहायची हौस. त्यांनी पडद्याचं टोक उचललं.

‘विमानतात्यांनी याच माळावर पाहिले विमान.’

काकांना दरदरून घाम फुटला. “अगं, हे वाच.”

काकूंनी वाचलं. “तात्यांनी इथे विमान पाहिलं. बरं मग? विमान तर मीही पाहिलंय. माझा दगड कुठाय?”

पाथरवट तिथेच पायरी पुसत होता. “काना तुमचाच आहे काका. लाल शाईतला.”

“मग विचारायचं नाही का रे?”

“तुम्ही सही केली होती. तुमची चूक काढणारा मी कोण?”

“खोडता येईल?”

“दगडात काना वाढवता येतो, कमी नाही करता येत. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच.”

तरी पाथरवटाने कान्यात पुट्टी भरून पाहिली. काळ्या दगडावर पांढरा काना असा उठून दिसू लागला, की बाकीची ओळ त्याच्यासाठीच कोरली आहे असं वाटावं. काकांनी स्वतःच्या बुटावरचं पॉलिश बोटाने काढून त्यावर चोळलं. पुट्टी ओली होती. काना राखाडी झाला, बोट काळं झालं आणि तेच बोट कपाळावरचा घाम पुसताना कपाळाला लागलं.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे,” काका म्हणाले. “जन्मभर लोकांचे काने काढले, आणि स्वतःचा एक निघत नाही.”

शेवटी त्यांनी मांडवाजवळची झाडाची कुंडी ओढत आणून ‘पा’च्या पुढे ठेवली. आता ओळ झाली ‘विमानतात्यांनी याच माळावर हिले विमान’.

“निदान जागचं हललं तरी,” काकू म्हणाल्या.

माणसं जमली. व्याहीसाहेब आले, त्यांनी कुंडी पाहिली, “फोटोत आडवी येतेय” म्हणाले आणि स्वतः उचलून बाजूला ठेवली. काका लेकीकडे बघत होते. ती नवी साडी नेसून पहिल्या रांगेत सासूशेजारी बसली होती आणि त्यांच्याकडे पाहून हसत होती. हिला आता काय तोंड दाखवायचं, या विचाराने काकांना खरोखर रडू आलं.

अनावरणाला तात्यांची म्हातारी लेक लांबून आली होती. तिने दोरी ओढली, चष्मा सारखा केला आणि ओळ मोठ्याने वाचली, कान्यासकट. व्याहीसाहेबांचा चेहरा उतरला. लेकीचं हसू गेलं.

“कोणी लिहिलं हे?” म्हातारीने विचारलं.

“मी,” काका उभे राहून म्हणाले. पळून जायला त्यांना पळताही येत नव्हतं.

तिने डोळ्यांना पदर लावला. “बाबा जन्मभर हेच सांगत होते हो. विमान भलत्याच माणसाचं होतं. वाट चुकून इथे उतरलं. बाबांनी त्याचं चाक नीट करून दिलं आणि ते उडताना उभं राहून पाहिलं. विमानवाला निघून गेला, मग गावाने बाबांनाच खांद्यावर घेतलं. अरे, मी नुसतं पाहिलं, असं ते ज्याला त्याला सांगायचे. लोक म्हणायचे, किती हा विनय. घरी येऊन रडायचे. आज कोणीतरी त्यांचं ऐकलं.”

व्याहीसाहेबांनी बँकेत बरीच वर्षं काढली होती. वारा फिरलेला त्यांना लगेच कळला. त्यांनी माइक ओढला. “आमचे व्याही,” ते म्हणाले, “मूळचे संशोधक.”

टाळ्या पडल्या. काकांनी माइक घेतला. “संशोधक नाही, मुद्रितशोधक. मला यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं. तो काना चुकून पडलाय. गॅसवर दूध होतं.”

“किती हा विनय,” पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

“विनय नाही हो, चूक आहे. शुद्ध चूक. पुट्टी भरली होती त्यात, हे बघा कपाळ.”

टाळ्या आणखी जोरात पडल्या. म्हातारीने त्यांचा हात धरून खाली बसवलं. “राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “बाबांचंही असंच व्हायचं.”

कार्यक्रमानंतर व्याहीसाहेबांनी काकांना हाताला धरून पाहुण्यांत फिरवलं. लेक मागे मागे, अभिमानाने फुललेली. काकांनी भेटेल त्याला चूक सांगितली आणि भेटेल त्याने त्यांची पाठ थोपटली.

“अगं, चूक माझीच होती,” घराकडे चालताना ते म्हणाले. “एकाचा तरी विश्वास बसावा की नाही?”

“माझा आहे ना,” काकू म्हणाल्या. “शंभर टक्के तुमचीच चूक.”

काकांच्या जिवात जीव आला.