‘चे’चा प्रश्न

माणूस चुकतो, परिपत्रक चुकत नाही; म्हणूनच कचेरीत माणसे निवृत्त होतात आणि परिपत्रके राहतात.

आवक-जावकच्या बाईंची यावर वीस वर्षे श्रद्धा होती. मग त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले आणि बाईंना कौटुंबिक रजा हवी झाली. रजेचे सूत्र छापीलच होते: आठ भागिले दोन, दोनाला चिकटून कंस, कंसात सेवेची दशके अधिक अपत्ये. बाईंची दशके दोन, अपत्ये दोन. म्हणजे ८ ÷ २(२ + २).

बाईंनी शाळेतले ‘कंचेभागुबेव’ आठवले, कंस सोडवला, डावीकडून निघाल्या आणि सोळा दिवसांवर पोचल्या. साहेबांनीही तेच आठवले आणि एका दिवसावर थांबले. घोडे पेंड खात होते ते ‘चे’पाशी.

“बाई, दोनाला कंस चिकटलाय. म्हणजे तो ‘चे’ झाला. दोन चे चार, आठ. आणि ‘चे’ भागाकाराच्या आधी.”

“पण साहेब, ‘चे’ लिहिलंय कुठे?”

“चिकटलंय म्हणजे लिहिल्यासारखंच.”

“मग अजून एक कंस घाला की. मिटलं!”

साहेब दचकले. कंस घालण्याचे अधिकार त्यांना नव्हते. (समिती नेमण्याचे होते.)

समितीत तिघे सोळाचे, तिघे एकाचे. दोन कॅल्क्युलेटर मागवले. एकाने सोळा दाखवले, दुसऱ्याने एक. दोघांनाही ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली. अध्यक्ष समंजस होते. ते म्हणाले, सरासरी काढा. टिपणीत १ + १६ ÷ २ असे लिहिले गेले. तिघांचे उत्तर साडेआठ दिवस आले, तिघांचे नऊ. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी उपसमिती बसली.

ती बसलेली असतानाच जावयाचा फोन आला. “आई, दवाखान्यात आणलंय. ती सारखी तुम्हालाच बोलावतेय.”

बाईंनी शिक्का खणात टाकला, कुलूप लावले आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“अहो बाई, पण किती दिवस?”

“ते तुम्ही काढत बसा. मी लागतील तेवढे घेते.”

बाराव्या दिवशी बाई परतल्या. अकरा हा आकडा कुठल्याच उत्तरात बसेना, तेव्हा कचेरीने बाईंचे नाव, नाते व कारण यांसह सर्व हकीकत छापून जनतेची मते मागवली. चारशे बारा पत्रे आली. निम्म्यांत सोळा, निम्म्यांत एक. प्रत्येकाची सुरुवात ‘अहो, साधी गोष्ट आहे’ अशी. आवक क्रमांक बाईंनीच घातले. शेवटच्या पत्रापर्यंत त्या प्रत्येक पत्र पूर्ण वाचत होत्या.

लेक सुखरूप आहे का, तिला मुलगा झाला की मुलगी, हे एकानेही विचारले नव्हते.

(तुम्हीही नाही. असो. तुमचे उत्तर किती आले, ते कळवा. चारशे तेरावा क्रमांक रिकामा आहे.)