विश्रांतीने सुधारणारं धनुष्य

लाकडाचं दुकान बावीस वर्षं चालवतो आहे, पण माल ठोकून, वाकवून, एक डोळा मिटून बघितल्याशिवाय मी कधी घेतला नाही. (लग्नाच्या फोटोतही माझा एक डोळा मिटलेला आहे. बायको म्हणते, तेव्हाही तपासतच होतात. खरं तर रांजणवाडी झाली होती.) तर त्या रविवारी मुलीने धनुर्विद्येच्या क्लबातलं जुनं लाकडी धनुष्य घरी आणलं आणि मी ठरवलं, एकदाच ओढून बघू.

एवढंच ठरवलं होतं.

हे धनुष्य म्हणजे क्लबाचा जीव की प्राण. माणसाएवढं उंच, अठ्ठावीस किलोचा ताण. क्लबाच्या वर्धापनदिनी पहिला बाण याच धनुष्यातून सुटतो आणि तो मैदानाच्या टोकाला बांधलेली पांढरी दोरी ओलांडून पडायला हवा, असा तिथला रिवाज. यंदा पंचविसावं वर्ष, आणि तो मान आमच्या मुलीला मिळाला होता. तीन वर्षं ती त्याची वाट बघत होती. हाताला सवय व्हावी म्हणून कोचबाईंनी धनुष्य घरी न्यायला दिलं होतं.

ती पाणी प्यायला आत गेली. मी ओढलं. बरंच ओढलं. आणि सोडून दिलं.

बाण न लावता. (जाणकार वाचकांनी इथे कपाळाला हात लावला असेल.) बाण असला की सगळा जोर बाणाबरोबर निघून जातो, नसला की त्या जोराला जायला जागा नसते आणि तो धनुष्यातच शिरतो, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त आवाज कळला. मुलगी हातात पेला घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा."

"माल हलका होता गं."

"पंचवीस वर्षं टिकला होता."

"म्हणजे वॉरंटी संपलेलीच होती."

ती रडली असती तर मी निभावून नेलं असतं. ती नुसती खाली बसली आणि दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघायला लागली. "तीन आठवडे राहिलेत," ती म्हणाली. "कोचबाईंना काय सांगू?"

तिचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "सांग, बाबा नवीन करून देताहेत. याच्याहून जड."

आतल्या खोलीत शिलाई मशीन थांबलं. आमची ही लोकांचे कोट शिवते आणि मशीन फक्त महत्त्वाच्या बातमीला थांबवते. "अहो," ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही स्टूल केलंत. त्यावर अजून कोणी बसलेलं नाही."

"ते शोभेचं आहे."

"हो, म्हणूनच विचारते. हे वापरायचं आहे ना?"

मी चपला घातल्या. दुकानात जाऊन सगळ्यात देखणी फळी निवडली. सुंदर लहरी होत्या तिच्यात, गिऱ्हाईक बघत राहायचं. आमचे मिस्त्री, म्हणजे दुकानामागे काम करणारे सुतार, ती बघून म्हणाले, "शेठ, लहरी दाराला शोभतात. धनुष्याला सरळ रेष लागते."

"मिस्त्री, लाकूड मी विकतो."

"विकता, ते बरोबर आहे," ते म्हणाले आणि रंधा माझ्या हातात दिला.

चार दिवसांत धनुष्य तयार झालं. पाचव्या दिवशी ते पडवीत ओढताना बरोबर एका लहरीवर मोडलं. वरचा तुकडा दिव्यावर गेला, खालचा माझ्या नडगीवर. बायकोने आधी दिव्याची चौकशी केली.

मग मिस्त्रींनी पाचर ठोकून एक ओंडका उभा फोडून दिला. लाकडाचं वाढीचं एकच वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत अखंड राहील अशी पाठ त्यांनीच काढली. म्हणाले, "शेठ, पाठीला हात लावायचा नाही. काढायचं ते पोटाकडून, म्हणजे दोरीच्या बाजूने. आणि काढलेलं परत लावता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

आता खरं काम सुरू झालं. पडवीत एक खांब उभा केला, त्याच्या माथ्यावर धनुष्याची मूठ आडवी ठेवली, धनुष्याच्या दोरीला हुकाने एक लांब दोर अडकवून तो खालच्या कप्पीतून फिरवला. लांब उभं राहून दोर ओढायचा आणि बघायचं, मुठीच्या दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. जी बाजू ताठ, तिच्या पोटावरून काचेच्या तुकड्याने थोडं खरवडायचं आणि पुन्हा ओढायचं. मधे दुकानातला खिळे तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला की ताण कळतो.

पहिल्या दिवशी काट्याने बेचाळीस किलो दाखवले. मी खूश. पण डावी बाजू ताठ होती, म्हणून डावी खरवडली. मग उजवी ताठ दिसायला लागली. उजवी खरवडली, तर डावी. आयुष्यभर तराजूची दोन पारडी सारखी केलेला माणूस मी, चटकन हार मानणार नव्हतो. तीन दिवसांत बेचाळीसचे तेहतीस झाले आणि धनुष्य अजून एका खांद्याने खाली झुकल्यासारखंच दिसत होतं.

"बाबा, अठ्ठावीसच्या खाली गेलं तर बाण पांढऱ्या दोरीपर्यंत पोचणार नाही," मुलगी म्हणाली. "सगळ्यांसमोर अध्येमध्ये पडेल."

"पाच किलो शिल्लक आहेत अजून."

"तुमच्या हाताने ते दोन दिवसांचं काम आहे."

त्या दिवशी मी धास्तावून धनुष्याला हातच लावला नाही. खांबावर तसंच ठेवून दुकानात गेलो. संध्याकाळी आलो, दोर ओढला आणि बघतच राहिलो. डावी बाजू जरा नरम झाली होती. काटा साडेबत्तीस. दुसऱ्या दिवशीही हात लावला नाही. संध्याकाळी बाक आणखी सुधारलेला.

तेव्हा माझ्या लक्षात ती गोष्ट आली जी कुठल्याही पुस्तकात नाही. लाकडाला विश्रांती दिली की ते आपलं आपण जुळवून घेतं. आपण उगाच त्याच्या मागे लागतो. हा शोध मी चार दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. एकाला तर दरवाजा वाकडा झाल्याच्या तक्रारीवर हाच उपाय दिला.

मिस्त्री एकदा धनुष्य बघायला घरी आले. पोटावर निळसर बारीक रेघा दिसत होत्या.

"हे काय हो, शेठ?"

"क्षार. विश्रांतीत बाहेर पडतो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे मशीन चालू होतं. "पडत असेल," ते म्हणाले. मुलीला तेव्हाच नेमका खोकला आला आणि ती उठून गेली.

अठराव्या दिवशी धनुष्याचा बाक असा झाला की नजर कुठेच अडखळेना. काटा एकोणतीस. पुढचे तीन दिवस मुलगी पटांगणात त्यावर सराव करत होती, आणि मी लांब उभा राहून प्रत्येक वेळी डोळे मिटत होतो.

वर्धापनदिनी मैदान भरलं होतं. मुलगी रेषेवर आली. इतक्या लांबून ती पांढरी दोरी सुतासारखी दिसत होती. मुलीने बाण लावला (तो लावल्याची मी दोनदा खात्री करून घेतली), धनुष्य उचललं आणि पाठीची सगळी ताकद लावून कानापर्यंत ओढलं. लाकूड किंचित कुरकुरलं. मी बायकोचा हात धरला. तिचाही घामेजलेला होता, याचं मला नवल वाटलं. तिने तर काही केलं नव्हतं.

बाण सुटला. वर गेला, दिसेनासा झाला आणि दोरीच्या पलीकडे जाऊन जमिनीत रुतला. मी धावत जाऊन पावलं मोजली. अकरा. मुलगी मागून धावत आली आणि मला बिलगली.

कोचबाईंनी धनुष्य उलटसुलट करून बघितलं आणि मला माइकपाशी बोलावलं. "काका, असा बाक मी फार थोड्या धनुष्यांत बघितलाय. सगळ्यांना सांगा, कसा साधलात?"

मी सांगितलं. विश्रांती, संयम, क्षार, सगळं. सात-आठ मिनिटं बोललो. लोक शांतपणे ऐकत होते. कोचबाईंनी निळ्या रेघेवरून बोट फिरवलं, ते बघितलं आणि म्हणाल्या, "पण काका, हा तर शिंप्याचा खडू आहे."

मुलगी मैदानातच खाली बसून हसत होती. मी पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"दुपारी तुम्ही दुकानात गेलात की मी खडूने खूण करून थोडं थोडं काढायचे," ती म्हणाली. "मला बघवेना हो. कोटाची एक बाही ओढून शिवल्यासारखं दिसत होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते. पण तुम्ही विश्रांतीबद्दल इतकं छान बोलत होतात."

कोचबाईंनी तिथेच आणखी चार धनुष्यांचं काम दिलं. मी खिशातून वही काढली, तर त्या मला ओलांडून पुढे गेल्या आणि बायकोपाशी बसल्या. मी म्हटलं, ठीक आहे, लाकूड तरी आपल्याच दुकानातून जाईल.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. मी खुर्ची पुसून दिली. सहा ओंडके काढून दाखवले, प्रत्येकाचे गुण सांगितले, घरचं गिऱ्हाईक म्हणून आवाजही मऊ ठेवला. तिने सगळं मन लावून ऐकलं, ओढणी सावरली आणि उठली.

"छान आहे," ती म्हणाली. "घरी विचारून सांगते."

संध्याकाळी मी घरी लवकर गेलो. मला कोणी काही विचारलं नाही. पडवीत एक सरळ, देखणा ओंडका टेकून ठेवलेला होता, आणि त्यावर पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाची चिठ्ठी होती.