पेशकारकाकांची थंडी सरत नाही

आमच्या मोहल्ल्यात थंडी दसऱ्याला सुरू होते आणि संपतच नाही.

निसर्गाची संपते. शिमग्याला लोक झोपायला अंगणात बाजा टाकतात, चैत्रात जालन्यातले पत्रे तापायला लागतात, वैशाखात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. पेशकारकाकांची थंडी मात्र जागची हलत नाही. भर वैशाखात हा गृहस्थ डोक्याला लोकरीची कानटोपी, गळ्यात मफलर आणि हातात पेटलेली शेगडी अशा थाटात कडुलिंबाच्या पारावर येऊन बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवतो, "काय गारठा आहे हो यंदा! सरायचं नाव न्हाई."

मी स्पष्टच सांगतो, मला हे सहन होत नाही. निजामी अमलात चोरून येणारी पत्रकं वाचत मी वाढलो. खोट्याला तोंडावर खोटं म्हणायचं, हे मी त्यातून शिकलो. आणि आता, निजाम गेल्यावर, आपलं राज्य आल्यावर, एक माणूस उन्हाळ्याला हिवाळा म्हणतो आणि सगळा मोहल्ला माना डोलावतो, हे मी मुकाट्याने बघायचं? कशासाठी?

त्यांचं नाव बाबूराव. पूर्वी ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे एकेक कागद ठेवणारे. नोकरी सुटली, पण कचेरी तोंडातून गेली नाही. दूधवाल्याने भाव वाढवला की ते म्हणतात, "नामंजूर." शेजारच्या पोराने गूळ मागितला की म्हणतात, "दरखास्त मंजूर." घरात एकटेच असतात. त्यामुळे त्यांच्या हुकमावर अपील कुठे करायचं, हा प्रश्नच आहे.

मार्गशीर्ष-पौषात मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. तेव्हा हा माणूस अख्ख्या गल्लीची ऊब सांभाळतो. पहाटे त्यांच्या शेगडीतला विस्तव बायका पळीवर घेऊन जातात. कुणाची छाती भरली की ते तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी बांधून देतात. आलं-मिऱ्याचा चहा तर येईल त्याला. आणि त्यांची खासियत म्हणजे वीट. शेगडीत वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायाशी नेऊन ठेवायची. "वीट म्हंजे गरिबाची रजई," असं ते म्हणतात. ठीक आहे. हे समाजकार्य आहे.

पण तीच वीट वैशाखात? तोच चहा वैशाखात? आणि लोक तो पितात! घामाच्या धारा पुसत, फुंकर घालत पितात! फुकटचा चहा दिसला की आमच्या लोकांची बुद्धी गहाण पडते, ती ही अशी.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण पारावरच्या जागेचं प्रकरण निराळं होतं. तो अन्याय होता.

पाराचा एक कोपरा फार मोक्याचा आहे. थंडीत सकाळचं कोवळं ऊन पहिल्यांदा तिथेच उतरतं. उन्हाळ्यात सूर्य जिनिंग कारखान्याच्या उंच भिंतीमागून वर येतो, म्हणून सावलीही तिथेच टिकते. तेव्हा बारा महिने सोन्यासारखी जागा. पार सार्वजनिक. आणि त्या कोपऱ्यात काका कुणाला बसू देत नाहीत! स्वतःही बसत नाहीत. स्वतः शेजारी बसतात आणि त्या जागेवर रोज सकाळी तापलेली वीट ठेवतात. कुणी टेकायला गेलं की लगेच, "जागा भरलेली आहे."

"कुणी भरली?"

"वीट दिसंना का?"

विटेसाठी जागा राखीव, आणि माणसं उन्हात उभी! जहागिरी गेल्या म्हणतात. कुठे गेल्या? आमच्या पारावर येऊन बसल्या.

मी पत्रक काढलं. 'सार्वजनिक पारावरील मक्तेदारी' असा मथळा दिला. सूर्य कुणाच्या बापाचा नाही आणि सावलीही नाही, हे त्यात सडेतोड लिहिलं. शेवटी मोहल्ल्याला जागं होण्याचं आवाहन केलं. रात्री खळ लावून एक प्रत कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटवली, बाकीच्या दारोदार टाकल्या.

सकाळी बघतो तर काका माझी पत्रकं शेगडीत सारून निखारे फुलवत होते.

"लई झ्याक पेटतंय रे तुझं लिखाण," ते म्हणाले. "बिलकुल धूर न्हाई. अजून छाप."

सगळा पार हसला. माझं आवाहन त्यांच्या हातातल्या चहाखाली जळत होतं आणि ते हसत होते.

मग मी ठरवलं. आता शब्द पुरे. आता कृती. दुसऱ्या दिवशी मी पारावर गेलो, सगळ्यांच्या देखत म्हणालो, "काका, ही जागा लोकांची आहे," आणि त्या कोपऱ्यात, विटेवर, ठाम बसलो.

सत्याग्रहीने आधी वीट बाजूला सारायला हवी, हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नव्हतं.

मी जो उडालो, तो थेट पाराखाली. लोक कडुलिंबाला धरून हसत होते. काका तेवढे हसले नाहीत. "बसू नको म्हन्लं होतं ना बाबा," असं म्हणत त्यांनी मला दंडाला धरून घरात नेलं. "हितं उभा ऱ्हा. बसू नको. खोबरेल आणतो."

ते आत गेले. मी उभा राहिलो. दुसरा पर्यायही नव्हता. भाजलं होतं, अपमान झाला होता आणि डोक्यात पुढच्या पत्रकाची वाक्यं तयार होत होती. खाटेवर एक जुनी रजई घडी करून ठेवलेली होती. तिच्यातल्या कापसाचे गोळे झाले होते, बटाट्याच्या पोत्यासारखे. इतरांच्या उबेची काळजी वाहणाऱ्याला स्वतःची रजई पिंजून घेता येत नाही? भिंतीला एक लांबलचक धनुकली टांगलेली होती, पिंजारी कापूस पिंजतात ती. तिची तात चांगली ताणलेली होती. रागाच्या भरात मी तिला बोट मारलं.

टण्ण.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि काका धावत बाहेर आले. कानटोपी सरकलेली, दोन्ही हात तेलाने माखलेले. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कवा आलास?" ते म्हणाले.

मग त्यांना मी दिसलो.

त्यांनी तेलाच्या हातानेच कानटोपी सारखी केली. मग खाली बघून म्हणाले, "तू व्हय. मला वाटलं, लतीफ आल्ता."

लतीफ पिंजारी. मी विसरूनच गेलो होतो. लहानपणी त्याच्या धनुकलीचा आवाज गल्लीत आला की आई रजया बाहेर काढायची, आणि मग आम्ही म्हणायचो, थंडी आली. सकाळी काम सुरू करायच्या आधी तो पारावर बसायचा. कोपऱ्यात. पेशकारकाकांच्या शेजारी. तापलेल्या विटेवर हात शेकायचा, कारण हात आखडले की तात नीट वाजत नाही म्हणे.

पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षीच्या थंडीत तो गल्ली सोडून गेला. मी तेव्हा शिकायला औरंगाबादेत होतो. कोण कुणाचा दुष्मन, हे त्या दिवसांत नावावरून ठरत होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातली रजई लतीफच्या हातची, आणि मी मागाहून ऐकलं, तो बायकोपोरांना टांग्यात बसवत होता तेव्हा काकांचं सोडून एक दार उघडलं नाही. एक! त्याच दारांत मी परवा पत्रकं टाकली होती, जागं होण्याचं आवाहन करणारी.

"मी गेल्तो टेशनावर," काका म्हणाले. "हैदराबादच्या गाडीत ही गर्दी. धनुकली आत जाईना. म्हन्ला, तुम्ही ठेवा, तात ढिली पडू देऊ नका. थंडी सरायच्या आत येतो."

"काका," मी म्हणालो, "त्याला आता किती वर्षं..."

"लतीफ माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाई."

"पण थंडी तर..."

"नामंजूर," ते म्हणाले. आवाज चढला नाही, कचेरीत समजावून सांगावं तसं म्हणाले, "थंडी सरायच्या आत येतो, म्हन्ला. आला का? न्हाई आला. मंग थंडी सरली कशी? हिसाब बराबर आहे का न्हाई, तूच सांग."

मला तर्कशास्त्राचा अभिमान आहे. मी त्या हिशेबात चूक शोधली. चैत्र शोधला, वैशाख शोधला, कॅलेंडर शोधलं. त्यांच्या हातांवरून खोबरेल टपटप खाली पडत होतं.

"बराबर आहे," मी म्हणालो.

"मंग वळ तिकडं. तेल लावू दे."

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत जाफराबादेहून बदली होऊन एक मास्तर राहायला आले. शिकलेले, स्वच्छ कपड्यांतले. सकाळी फिरत पारावर आले, सावली बघितली, छत्रीच्या टोकाने वीट बाजूला ढकलली आणि रुमाल पसरून कोपऱ्यात बसायला लागले. काका नुकते घरात गेले होते, विस्तव आणायला.

"उठा," मी म्हणालो.

"का हो? सार्वजनिक जागा आहे."

"जागा भरलेली आहे. वीट दिसत नाही?"

"अहो, पण ह्या उन्हाळ्यात वीट कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसं शिकतात आणि साधं डोळ्यांपुढचं ह्यांना दिसू नये! मी ती वीट उचलली, परत जागेवर ठेवली. हाताला ती कोमट लागली.

"उन्हाळा?" मी ओरडलो. "कुणी सांगितलं तुम्हाला उन्हाळा? काका, वीट निवत आली. जल्दी विस्तव आणा!"